काशीने माझे पत्रक वाचून दाखवले

आपल्या फिरत्या वहीतल्या मैत्रिणींनो,

१. आज आम्ही सुईणकाम शिकणाऱ्या मुलींनी एकमेकींची पत्रके तपासली.
२. ‘नाळ कशी कापावी’ हे माझे पत्रक काशीकडे गेले. सोमवारी ते राजूर, केदारखेडा या गावांतल्या सुईणींना वाचून दाखवायचे आहे.
३. काशीने पेन्सिल उचललीच नाही. एका बाळंतिणीसोबत दवाखान्यात आलेल्या जुन्या सुईणीला, गोदाक्कांना, बोलावून तिने ते मोठ्याने वाचले.

मी लिहिले होते, ‘पाणी वीस मिनिटे उकळावे. मग कात्रीने नाळ कापावी.’

“पानी उकळलं,” गोदाक्का म्हणाल्या. “मंग त्याचं काय करू, पोरी? च्या ठेवू?”

वर्ग हसला. मी हसले नाही. कात्री त्या पाण्यात उकळायची, हे मी लिहिलेच नव्हते. तशाच कात्रीने नाळ कापली तर बाळ धनुर्वाताने जाऊ शकते.

काशी मला हळूच म्हणाली, “बाकी बिलकुल बराबर हाय. एक वाक्य घाल, बस.”

मी इतरांच्या पत्रकांवर लाल खुणा करत आले. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनाच ऐकवावे, हे काशीला सुचले. तिच्याकडून मी आज तपासणे शिकले.

सुधारलेले पत्रक वहीत ठेवले आहे. वाचता न येणाऱ्या एका बाईला ते वाचून दाखवा. ती कुठे अडली, ते शनिवारपर्यंत कळवा.