सकलेशपूरच्या मातीत पुरलेली चादर

शनिवारी पहाटे बंगळूरच्या बेळ्ळंदूरहून निघताना नीलेशनं, माझ्या नवऱ्यानं, स्पष्ट सांगितलं, “माती मेलेली निघाली तर परतल्यावर जमिनीच्या गिऱ्हाइकाला होकार कळवतो.”

सकलेशपूरजवळची आमची मिरीची छोटी जागा. वेली पिवळ्या पडत होत्या. नीलेशनं माती तपासली, ती आम्ल निघाली. गेल्या उन्हाळ्यात चुना टाकला, फरक नाही. पण माती सगळीकडे सारखीच आम्ल, तर काही वेली हिरव्या कशा? मला ओलाव्याचा संशय होता. म्हणून डिसेंबरात जुन्या सुती चादरीचे तीन तुकडे पुरले: कोरड्या उतारावर, पाचोळ्याखालच्या ओलसर मातीत, आणि गळक्या टाकीखालच्या चिखलात. मातीतले सूक्ष्मजीव जागे असतील तर सूत खातात. आता दोन महिन्यांनी ते तुकडे उकरायचे होते.

नेलमंगलच्या पुढे ताटलीएवढी चपटी तट्टे इडली खाल्ली. दोघांचं दोनशेत भागलं. हासनपर्यंत रस्ता उत्तम. गाडी नसेल तर यशवंतपूरहून दिवसाची रेल्वे घ्या, खिडकीपाशी बसा.

शेजारच्या मळ्यातल्या शांताक्का कुंपणाशी उभ्याच होत्या. मूळच्या निपाणीच्या, त्यामुळे टोमणेही मराठीत.

“काय हो, आज चादरीचं श्राद्ध?”

“अक्का, पिंड तुमच्याकडूनच येणार,” नीलेश म्हणाला.

कोरड्या उतारावरचा तुकडा उकरून झटकला, तर पुन्हा अंथरता आला असता. चिखलातला काळा, कुबट, पण बराचसा शाबूत; पाणी तुंबलं की हवा संपते, सूक्ष्मजीव मंदावतात. पाचोळ्याखालचा मात्र उचलताच हातात विरला. किनारीची शिवण तेवढी उरली. तो दोरा सुती नसावा.

“म्हणजे मेलेली नाही. तहानलेली,” मी म्हणाले.

नीलेश बराच वेळ ती शिवण बोटांवर गुंडाळत बसला. “तीन तुकड्यांवरून?”

प्रश्न रास्त होता. ओली जागा मी निवडली होती, तीही हिरव्या वेलीपाशी. मला हवं तेच पाहायला मी खड्डा खणला नव्हता ना?

मग कोरडा तुकडा त्याच उतारावर, त्याच खड्ड्यात परत पुरला. या वेळी वर पाचोळा घातला. पाणी घालायचं शांताक्कांनी कबूल केलं. “सरी, बरं, घालते. पण दोन बादल्यांवर नाही, माझ्याही वेली आहेत.”

रविवारी परतताना वाहतुकीत अडकलो, ते बेळ्ळंदूरला अंधार पडल्यावरच सुटलो. घरी येताच नीलेशनं फोन लावला. मी स्वयंपाकघरात थांबून ऐकत होते. गिऱ्हाईक कन्नड, नीलेशचं कन्नड तोडकं.

“स्वल्प थांबा, सर,” तो म्हणाला. मग थोडं अडखळून, “आमची चादर अजून जमिनीत आहे.”