गिलाव्याखालचा वाकडा थर

लेकानं घरातच जिम काढायची ठरवली. डिझायनर बाई म्हणाली, "या भिंतीचा गिलावा काढू, विटा उघड्या ठेवू. कारखान्यासारखं दिसेल." ती भिंत मी गवंडीकाम शिकताना बांधलेली. कमरेच्या उंचीला विटांचा एक थर वाकडा गेला, तो गिलाव्याखाली दडवला. पुढं जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना दोरी लावून चुका काढत आलो.

छन्नी चालली तसा मी खुर्चीत ताठ बसलो. वयानं माणसावरही गिलावा चढतो, आणि आपल्यालाच तो खरा वाटू लागतो. गिलाव्याची ढपली पडली. लाल विटांत तो थर उतरता दिसला.

"आबा, हे कुणा अडाण्याचं काम?" लेक हसला.

मेलेल्या एका मिस्त्रीचं नाव ओठावर आलं होतं. ते गिळलं.

"माझं," म्हणालो. "पण भिंत पडलीय का अजून?"