अनग्रास: डिक्शनरीत नसलेला एक शब्द

प्रा. मंदाकिनी तायडे मॅडमची आणि माझी ओळख एका चुकलेल्या शब्दामुळे झाली. चुकलेल्या म्हणते खरी, पण हा लेख वाचताना मॅडम नेमकी इथेच पेन्सिलीने खूण करतील. म्हणून आधीच कबूल करते, की तो शब्द चुकलेला नव्हता. हे कळायला मला मॅडम भेटाव्या लागल्या.

तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातून मी अकोल्याला बी.ए.ला आले होते. इंग्रजीच्या वर्गात मॅडमनी आदल्या दिवशी ‘अन’ हा उपसर्ग शिकवला होता. लॉकचं अनलॉक, मास्कचं अनमास्क. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आपल्या आईविषयी तीन वाक्यं बोलायची होती. माझी आई लोकांच्या वावरात निंदायला जात असे आणि मला ते सांगायचं होतं. निंदणाला इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता. पिकातलं गवत काढायचं ना, मग झालं तर! मी बेधडक म्हणाले, “माय मदर अनग्रासेस द फील्ड.”

वर्ग खदाखदा हसला. मॅडम शिकवायच्या अस्खलित इंग्रजीत, पण राग आला की त्यांचं माहेर, अंजनगाव सुर्जी, जिभेवर येई.

“काहून हासले रे?” त्या गरजल्या. “तुमच्यापैकी एकानं तरी आजवर एक शब्द बनवला हाये का? या पोरीनं बनवला!”

मग त्यांनी ‘अनग्रास’ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. शब्द नियमाने बनला आहे, फक्त त्याच्या खुर्चीवर ‘वीड’ नावाचा दुसरा शब्द आधीच बसला आहे, असं समजावून सांगितलं. पण पोरांना नियमाशी काय देणंघेणं? त्या दिवसापासून कॉलेजात माझं नावच अनग्रास पडलं. जिन्यात, कँटीनमध्ये, एसटी स्टँडवर, जिथे जावं तिथे अनग्रास. आठ दिवसांत मी हरले. कॉलेज सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून अर्ज लिहिला आणि मॅडमची सही घ्यायला गेले. सही झाली असती तर दुसऱ्या दिवशी आईशेजारी खुरपं घेऊन बसले असते. आणि आईने तर त्या खुरप्याला मला कधी हातही लावू दिला नव्हता.

मॅडमनी अर्ज वाचला. कारण विचारलं नाही. खणातून एक जाड निळी वही काढली. नियमाने बनलेले पण डिक्शनरीत जागा न मिळालेले शब्द त्या या वहीत टिपून ठेवत. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ‘अनग्रास’ होता आणि पुढे माझं नाव, गावासकट.

“सही करतो मी,” त्या म्हणाल्या. “पण असे धा शब्द घेऊन ये आंधी. मंग जाय.”

मी दहा शब्द शोधू लागले. शब्द शोधायचे तर ते बनतात कसे हे कळायला हवं, म्हणून रोज मॅडमकडे जाऊ लागले. आपण प्रभाकरचा पऱ्या करतो तसा इंग्रजांनी रेफ्रिजरेटरचा फ्रिज केला, हे मी तिथे शिकले. स्मोक आणि फॉग मिळून स्मॉग झाला. एडिटर आधी आला आणि एडिट त्याच्यामागून. “इथं लेकरू आंधी जन्मलं, माय मांगून,” असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी पोट धरून हसले. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा. दहाचे चाळीस शब्द झाले आणि सहीची आठवण मला राहिली नाही. मॅडमनीही काढली नाही.

मॅडम सदैव गोड होत्या असं मात्र कुणी समजू नये. त्या उशिरा येणाऱ्याला दारातच शब्दाची फोड विचारत. पुण्याच्या एका शिबिरात कुणी त्यांना “तुमची भाषा जरा राकट वाटते” असं म्हणाले. मॅडम शांतपणे उत्तरल्या, “काळ्या मातीतली आहे हो. सवय नसली की पाय रुततो.” त्यांच्या घरचा चहा इतका गोड असतो, की दुसरा कप नको म्हणायला धैर्य लागतं.

पुढे मी स्वतः अमरावतीत इंग्रजी शिकवू लागले. एकदा मॅडम घरी आल्या होत्या आणि मी पेपर तपासत होते. एका मुलाने भावाविषयी लिहिलं होतं, ‘ही इज अ टाइमपासर.’ मी त्यावर लाल रेघ मारली.

“काहून काटला?”

“डिक्शनरीत नाही, मॅडम.”

“तू तरी कुठं होती डिक्शनरीत?”

मला रडूच आलं. ज्या हसण्याने मी कॉलेज सोडायला निघाले होते, तेच हसणं माझ्या लाल पेनात येऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाचा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याची माफी मागितली.

माझ्या आईला हे सगळं फार उशिरा कळलं. “इंग्रजीत निंदणाले शब्द नोयता काय? मंग तू देल्ला?” तिने अभिमानाने विचारलं. शब्द आधीच होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मॅडमची भेट झाली तेव्हा आई त्यांचे हात धरून म्हणाली, “बाई, मी लोकायचे वावरं निंदले. तुमी माह्या पोरीच्या मनातलं तण काढलं.”

मॅडमच्या या गौरवग्रंथासाठी फोटो आणायला मागच्या महिन्यात अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या घरी गेले. मॅडमनी निळी वही काढली आणि तिच्यातून एक पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद खाली पडला. माझाच अर्ज! मॅडमनी चष्मा लावून तो पुन्हा वाचला आणि पेनाचं टोपण काढलं.

“सही राह्यली हाये तुही. करू काय आता?”

मी त्यांचा हात धरला.

मॅडम वयाची पंच्याहत्तर वर्षं पूर्ण करीत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, वही भरत राहो, चहा असाच गोड राहो. आणि माझा तो अर्ज त्यांच्याजवळ आणखी पुष्कळ वर्षं बिनसहीचा पडून राहो. मला अजून त्यांच्या वर्गातून जायचं नाही.