जादा वॉशर

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिला माझ्या फजित्या तोंडपाठ आहेत. पंक्चर काढायला बसून चांगली ट्यूब फाडली, ते तर मीच चार लोकांत रंगवून सांगतो. ही गोष्ट मात्र जिभेवर आली की मी चहा मागवतो.

मामा आमच्याच गल्लीत, साताऱ्यात राहतात. फौजेतून आल्यापासून त्यांचं एकच वेड — जुनी बुलेट. तिचा गिअरबॉक्स गेला. तसलाच दुसरा मी सांगलीच्या जुन्या बाजारातून शोधून आणला आणि म्हणालो, मेकॅनिक कशाला, मीच बसवतो. मला कुणी विचारलं होतं? कुणीच नाही.

खंडेनवमीच्या पूजेला गाडी चालती पाहिजे, एवढाच मामांचा हट्ट. झाली चालती. मामा गल्लीत फेरी मारून आले. "लय बेस रं भाच्या." मी मुद्दाम हात धुतले नाहीत — ग्रीस सगळ्यांना दिसायला नको?

मग पान्हे पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आणि सुटे भाग धुतलेली रॉकेलची ताटली ओतायला गेलो तर तळाशी ती. पत्र्याची चकती — लॉक वॉशर. चेन ज्या दातेरी चाकावर फिरते, त्याचा नट सुटू नये म्हणून ती त्याच्यावर दुमडायची. दुमडायची कसली — मी ती बसवलीच नव्हती.

आता खोलायचं कशानं? पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. मला किती हायसं वाटलं, सांगू? देवाधर्माचा इतका आधार मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात मामांनी चकती उचलली. "ही कशाची रं?"

"जादा आलीय, मामा. स्पेअर."

"मग हिला बी पूजेला ठिव की." आणि स्वतः कुंकू लावून त्यांनी तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दसरा. हत्यारं मोकळी होती. मी पहाटेपासून जागा — नट घट्ट आवळलाय, एका फेरीत काय होतंय? होईल? नाही होणार. मामा सोनं द्यायला रहिमतपूरला, मावशीकडं निघाले. मी फाटकाशी उभा. "मामा, थांबा" — एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो काय? "सावकाश जावा."

मग फोन. गॅसवाल्याचा आला तरी मीच धावत जाऊन उचलला. शेवटी खरा आला. कोरेगावच्या अलीकडं, उतारावर मागचं चाक जाम झालं. नट सुटून चेन अडकली, हे कळलं फक्त मला. मामांची मांडी मोडली.

घरचे म्हणाले, वय झालं, चुकीचा गिअर टाकला असेल. मी? मीही मान हलवली. इस्पितळात मामांनीच माझा हात धरला. "माजाच पाय चुकला. तुज्या कामाला कोण नाव ठेवंल तर माज्याशी गाठ हाय."

मी त्या उतारावर जाऊन नट शोधला. काळजीनं नव्हे — दुसऱ्या कुणाला सापडू नये म्हणून. सापडल्यावर कालव्यात फेकला.

मामांनी पुन्हा गाडीला टांग मारली नाही. पाय जुळला, त्या पायावरचा भरवसा गेला. कुणी मागं बसायला बोलावलं तरी नको म्हणतात — माज्यामुळं तोल जाऊन कुणाला इजा नको, म्हणतात. माझ्यामुळं नव्हे. त्यांच्या स्वतःच्यामुळं.

बुलेट त्यांच्या पडवीत उभी असते, पुसलेली. दर खंडेनवमीला पाटावर ती चकतीही असते. मामांनी ती जपून ठेवलीय. यंदा कुंकू लावून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "जादा हाय न्हवं? ऱ्हाऊ दे. कवातरी लागंल."

मी ती पाटावर ठेवली. नमस्कार केला.