बूट कुठं चावतोय

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ती रोज संध्याकाळी माझे तळपाय उजेडात धरून बघते. काटा रुतलाय का, फोड आलाय का – कारण मला ते कळत नाही. मला शुगर आहे, पायांची जाणीव गेली आहे. हे आमच्या गावात, न्हावऱ्यात, सगळ्यांना ठाऊक आहे. ती नेमकी कधी गेली, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. आणि सगळी गोम तिथंच आहे.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती तर ही वेळच आली नसती.

मी पायांवर पोट भरायचो. हसू नका, खरंच. दौंडला एका शेडमध्ये कोटावर घालायचे उंची चामडी बूट तयार व्हायचे, वेल्टचे. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेनं फिरणारी चामड्याची पट्टी. वरचं चामडं आणि खालचा तळ त्या पट्टीला शिवतात, नुसतं सोल्युशन लावून चिकटवत नाहीत. तळ झिजला तर उसवून नवा लावता येतो, बूट वर्षानुवर्षं चालतो. मी तिथं पॅकिंगला लागलो होतो, खोकी भरायला. एकदा जेवणाच्या सुट्टीत चपला काढून बसलो होतो, तर समोरून युनूसमामा माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडेच बघत राहिले. म्हणाले, "दत्तू, हे पाय खोकी भराया न्हाई दिलं तुला वरच्यानं."

मामा फर्मे करायचे. फर्मा म्हणजे लाकडी पाय, त्याच्यावर चढवूनच बूट शिवतात. फर्मा चुकला की पुढचं सगळं चुकलं, मग चामडं कितीही भारी असो. नमुन्याचा पहिला जोड आठ नंबरचा काढतात आणि माझे पाय तंतोतंत आठ नंबरचे. त्या दिवसापासून प्रत्येक नवा नमुना आधी माझ्या पायात जाऊ लागला.

काम सोपं वाटतं ना? बूट घालायचा आणि हिंडायचं. पण वेल्टचा बूट पहिल्या दिवशी खोटं बोलतो. नवा असताना तो ताठ असतो, वाकत नाही, कुरकुरतो, नव्या जावयासारखा. आतल्या तळाखाली बुचाचा थर असतो, तो हळूहळू दबून तुमच्या पायाचा आकार घेतो, मग बूट तुमचा होतो. म्हणून पहिल्या तासाच्या तक्रारी सोडून द्यायच्या असतात आणि पहिल्या तासाचं कौतुकही. बघायचं ते एवढंच, की टाच धरून ठेवतो का, बोटं मोकळी आहेत का, आणि वाकतो तिथं घडी बोटांच्या मुळाशी पडते की भलतीकडेच. मी दिवसभर ते घालून दौंड स्टेशनपर्यंत जायचो, पुलाचे जिने चढायचो-उतरायचो, परत यायचो. लोक मला बूटसाहेब म्हणायचे. अंगात शर्ट उसवलेला आणि पायात नवरदेवाचे बूट – चेष्टा व्हायचीच. पण खरं सांगू? मला ते फार आवडायचं.

संध्याकाळी मामा माझा पाय मांडीवर घ्यायचे. आधी बूट असताना आणि मग बूट काढून. "डोळं मीट," म्हणायचे. ही त्यांची रीत होती. डोळे उघडे असले की माणूस पायानं सांगत नाही, नजरेनं सांगतो. मग अंगठ्यानं एकेक जागा दाबत जायचे आणि मी सांगायचो – इथं करंगळीला घासतोय, इथं घोट्याकडून ओढ बसतेय, टाच ठीक. त्यावर ते फर्मा तासायचे नाहीतर त्याच्यावर चामड्याची पातळ चकती चढवायचे. त्यांचं डोकं आणि माझे पाय, असं ते काम होतं. शिरूरहून ते एसटीत बसायचे आणि न्हावऱ्याच्या स्टॉपवर मी चढायचो, तर माझ्यासाठी खिडकीची जागा रुमाल टाकून धरलेली असायची. इतक्या वर्षांत रुमाल विसरले असं कधी झालं नाही. हे लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मग पायांना आग व्हायला लागली. मुंग्या यायच्या. मग आग थांबली, तेव्हा मला वाटलं बरं झालं. अनवाणी चाललो तरी पायात मोजे असल्यासारखं वाटायचं. किती मूर्ख असावं माणसानं? मी गोड कमी केलं आणि विषय मिटवला.

एका संध्याकाळी मोजा काढला तर तो रक्तानं भिजलेला. बुटाच्या आत एक चूक राहिली होती – टाचेला ठोकतात ना, ती बारीक खिळ्यासारखी चूक. दिवसभर ती माझ्या तळव्यात रुतत होती. आणि थोड्या वेळापूर्वीच मी मामांना सांगितलं होतं, "लोण्यासारखा बूट आहे मामा."

मोजा मी नळावर धुतला. घरी सांगितलं, काटा लागला. शिरूरला जिथं कुणी ओळखणार नाही अशा लॅबमध्ये जाऊन तपासून आलो आणि गोळ्या गुपचूप सुरू केल्या.

त्या दिवशीच मामांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी परत खोकी भरली असती. बस, एवढंच. कुणी मला हाकलणार नव्हतं. पोरीचं शिक्षण, घराचं बांधकाम असलं काही मी पुढं करू शकतो, पण ते कुणाला नसतं? खरी गोष्ट अशी की मला बूटसाहेब राहायचं होतं.

तेव्हापासून मी डोळे पुरते मिटणं बंद केलं. किलकिले ठेवायचो. मामांचा अंगठा कुठं आहे ते पापण्यांच्या फटीतून दिसायचं आणि मी ती जागा सांगायचो. मोज्यावर वळ कुठं उठलाय, कातडी कुठं लाल झालीये ते आधीच बघून ठेवायचो. आणि नेहमी नुसतं "ठीक आहे" म्हटलं तर संशय येईल, म्हणून अधूनमधून एखादी तक्रार जोडून द्यायचो. तक्रार करणारा पाय जाणकार वाटतो ना!

तशीच एक तक्रार मी नव्या नमुन्याच्या वेळी केली. पुण्यातल्या एका दुकानाची मोठी ऑर्डर होती, लग्नसराईची. मामांनी दाबलं आणि मी म्हणालो, "टाचेला ढिला आहे मामा, निसटतोय." का म्हणालो? काहीतरी म्हणायचं होतं म्हणून. त्यांनी फर्म्याची टाच तासली. पुन्हा जोड झाला, पुन्हा मी घातला, पुन्हा हिंडून आलो. बूट काढताना टाच लाल झालेली मी पाहिली. पाहिली, आणि मोजा वर ओढला. मामांना म्हणालो, "आता बरोबर बसला."

बूट गेले आणि बूट परत आले. घालेल त्याच्या टाचा सोलून निघत होत्या. एक नवरदेव म्हणे स्वागत समारंभात स्टेजवर अनवाणी उभा राहिला आणि फोटोवाल्याला कमरेपासून वरचेच फोटो काढावे लागले. मालकांनी परत आलेले जोड टेबलावर मांडले आणि आम्हा दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. ओरडलाही नाही. नुसतं विचारलं, फर्म्याची टाच एवढी का तासली?

मामा निर्धास्त होते. मला ते अजून दिसतं, त्यांचं निर्धास्तपण. म्हणाले, "दत्तू म्हनला ढिला हाय, तवाच तासली. विचारा की त्याला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मामा, मी ढिला न्हाई म्हनलो. चावतोय म्हनलो व्हतो. दोनदा म्हनलो."

ते दोनदा मी कुठून आणलं, मला माहीत नाही. खोटं बोलायची तयारीही केली नव्हती. पण त्या दोनदानंच काम केलं. मामा भांडले असते, मला शिवी दिली असती, तर मी कदाचित वाचलो असतो. ते भांडले नाहीत. चष्मा काढून हातात धरून बसले आणि हळूच म्हणाले, "दोनदा? … मग माझ्याच ध्यानातनं गेलं म्हनायचं."

मी खोटं बोललो असेन, हे त्यांच्या मनातच आलं नाही. माझ्या पायांवर त्यांचा स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त भरवसा होता. मग त्यांनी दोघांतलं काय सोडलं असेल? डोकं सोडलं.

मालक म्हणाले, वय होतं माणसाचं, थोडे दिवस आराम करा. मामा परत आलेच नाहीत. पुढं फर्मे बाहेरून तयार येऊ लागले, प्लॅस्टिकचे, आणि त्यांना कुणाच्या पायाची गरज नव्हती. मी पुन्हा खोकी भरू लागलो. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं तेही राहिलं नाही.

ईदेला मी शिरूरला त्यांच्या घरी जायचो. अजूनही जातो. पहिल्याच ईदेला शीरखुर्मा पुढं ठेवताना त्यांनी सुनेला विचारलं, "सलमा, ह्याला साखर चालती न्हवं? का त्यो बोलला व्हता आन् मी इसरलो?" मी कधी काही बोललोच नव्हतो. मी म्हणालो, चालते. वाटी संपवली. मग दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. गॅस बंद केला का, हे ते उठून उठून बघायचे. केलेला असायचा. गोळी घेतली का, हे सुनेला विचारायचे. घेतलेली असायची. नातवंडं त्यांची चेष्टा करू लागली, तीही प्रेमानंच. मग त्यांनी एकट्यानं एसटीनं जाणं सोडलं. स्टॉप विसरलो तर, म्हणून. ज्या माणसाला त्या रस्त्यावरचा प्रत्येक स्टॉप पाठ होता, त्यानं. एकही गोष्ट ते खरोखर विसरलेले मी पाहिलं नाही. एकही नाही. आणि हे त्यांना सांगू शकेल असा जगात मी एकटाच होतो.

गेल्या वर्षी माझ्या पायाची जखम चिघळली, मी पुण्याला दवाखान्यात पडून आलो, तेव्हा शुगर उघड झाली. मी सगळ्यांना सांगितलं, आत्ताच निघाली. घरी आल्यावर मामा बघायला आले, मुलगा फारूक त्यांना गाडीवर घेऊन आला होता. मी ओट्यावरच्या पलंगावर पडलो होतो. फारूक बाहेर कुणाशी बोलत थांबला, बायको आत चहा ठेवत होती. मामा पायथ्याशी बसले आणि सवयीनं माझा चांगला पाय मांडीवर घेतला.

"डोळं मीट," म्हणाले. बऱ्याच वर्षांनी हसले.

आणि त्या दिवशी मी डोळे खरे मिटले. घट्ट. फट ठेवली नाही. मला वाटलं, आता पकडू दे ह्यांना. आता ह्यांनाच कळू दे, की ह्या पायाला काही कळत नाही, किती दिवसांपासून कळत नाही. तोंडानं जमत नाही ते असं तरी होऊ दे. बघा, तेव्हाही काम मी त्यांच्यावरच टाकलं.

थांबलो. काहीच कळलं नाही. मग म्हणालो, "टाच."

आत कपबशा वाजल्या. बायको चहा घेऊन आली, तेव्हा ते तिला म्हणाले, "बग सूनबाई, काय झालंय माझं. मला वाटलं मी अंगठा धरलाय. आता हातातलंबी उमजंना."

मी डोळे उघडले. त्यांचा हात माझ्या पायाच्या अंगठ्यावरच होता.

बायकोनं कप पुढं केला आणि मी तो घेतला.