वेडर्स, बूट आणि फेब्रुवारीची नदी

आमच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. आम्ही इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझा नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, मी बंदराजवळच्या एका ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं तपासायचे. बाईंना एकच नाद होता, नदीत उभं राहून मासे धरायचा. त्यांचा नवरा होता तोवर दोघं मिळून जायचे. तो गेल्यावर त्या एकट्या जायला लागल्या, आणि मग त्यांच्या एका डोळ्याची नजर कमी झाली. डॉक्टरने सांगितलं, पाण्यात एकटीने उतरायचं नाही.

म्हणून त्यांनी मला विचारलं. जानेवारीतली सकाळ होती, आम्ही कुंपणापाशी बोलत होतो.

"शनिवारी येशील का? तुला काही करायचं नाही. नुसतं जवळ उभं राहायचं."

मी हो म्हटलं. मला पोहता येत नाही हे तेव्हाच सांगायला हवं होतं. गोदावरीच्या गावात वाढूनसुद्धा मी कधी घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. पण त्यांनी इतक्या सहज विचारलं की नाही म्हणायची लाज वाटली.

वेडर्स म्हणजे काय हे मला त्या शनिवारी कळलं. तळपायापासून छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार, खांद्यांवरून पट्ट्यांनी अडकवायची. बाईंनी गॅरेजमधून आपल्या नवऱ्याचे जुने वेडर्स काढले. हिरव्या रबराचे, खाली त्याच रबराचे बूट चिकटवलेले. त्याचा पाय नऊ नंबरचा, माझा चार. मी दोन जोड लोकरीचे मोजे चढवले, बुटांच्या टोकाशी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. छातीशी तर एवढी सैल होती ती विजार, की आत पिशवीभर भाजी मावली असती.

"चालेल ना हे?"

"गुडघाभर तर पाणी आहे," बाई म्हणाल्या.

नदी गावाबाहेर, गाडीने अर्ध्या तासावर. काठावरून पाहिली तर तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते, पाणी हललंय की नाही कळू नये इतकं शांत. मी आत पाऊल टाकलं आणि त्या शांतपणावरचा माझा विश्वास उडाला. पाणी रबराला बाहेरून दाबत होतं आणि पोटऱ्यांना एका बाजूने सतत ढकलत होतं. चौथ्या पावलाला बूट गोट्यांवर टेकला, पण माझा पाय बुटाच्या आत पुढे सरकला. बूट एकीकडे राहिला, मी एकीकडे. मी पडले.

वेडर्सच्या उघड्या तोंडातून पाणी आत शिरलं. थंडी वाजली म्हणणं खोटं होईल. श्वासच थांबला. तोंड उघडं होतं आणि हवा आत जात नव्हती. पाणी मांडीभरच होतं, उभी राहिले असते तर संपलं असतं, पण उभंच राहता येईना. दोन्ही पाय पाण्याने भरलेल्या पखालींसारखे झाले होते. मी हातांनी तळ शोधत होते आणि हाताखालून गोटे निसटत होते.

बाईंनी मागून कॉलर धरली आणि मला काठाशी ओढलं. गवतावर पाठीवर झोपवून माझे पाय वर उचलले तेव्हा आतलं पाणी माझ्या पाठीवरून, मानेवरून बाहेर आलं. मी थरथरत होते, आणि बाई हसत होत्या. वाईट हेतूने नव्हे. त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं.

"सगळ्यांचं होतं एकदा," त्या म्हणाल्या.

पुढचे आठ-दहा दिवस मला त्या पाण्याने सोडलं नाही. टबात पाणी भरायला लागलं की त्या आवाजाने छाती धडधडायची, म्हणून मी बादलीने अंघोळ करायला लागले. ऑफिसची बस पुलावरून जायची, तेवढा वेळ मी खिडकीकडे पाठ करून बसायचे. नवऱ्याने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"अगं, पाणी अडवायला कंबरेला पट्टा नव्हता? काहीच नव्हतं?"

"नव्हता."

"मग परत जायचं नाहीस. सांग त्यांना."

आईने फोनवर वेगळाच प्रश्न विचारला. मासे धरून परत पाण्यात सोडतात, हे ऐकून ती म्हणाली, "अगं, मग मरायला कशाला जायचं त्या थंडीत?" मी बाईंना सांगून टाकलं की मला जमणार नाही. त्यांनी मान डोलावली, एवढंच.

नंतरच्या शनिवारी सकाळी त्यांच्या गाडीचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. डिकीत काठी, गळ, वेडर्स. बाई एकट्याच निघाल्या होत्या.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. कणीक मळली, ती तशीच राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. त्यांच्याकडे मोबाईल होता पण तो त्या घरीच ठेवायच्या, भिजेल म्हणून. मला सारखं दिसत होतं की त्या पडल्यात आणि त्यांची कॉलर धरायला कुणी नाही. मी कोट घालून दोनदा दारापर्यंत गेले. जाणार कुठे होते? मला गाडी चालवता येत नव्हती. साडेतीनला त्या परत आल्या, गालांवर लाली, मजेत. मी दार उघडून बाहेर गेले आणि नमस्कारबिमस्कार न करता म्हटलं, "परत जाल तेव्हा मी येणार. पण माझ्या मापाचे कपडे घेऊन."

बाई मला घेऊन गेल्या ते मासेमारीच्या सामानाचं दुकान जुन्या बाजारपेठेच्या मागे होतं. मालक साठीचा, जाड काचांचा चष्मा. मी काय घ्यायचं ते विचारण्याआधी त्याला सांगितलं, "मी पडले होते. मला भीती वाटते आणि मला पोहता येत नाही." हे मोठ्याने बोलायची माझी पहिलीच वेळ. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

मालक हसला नाही. त्याने सरळ स्टूल पुढे ओढलं.

"बसा. आधी पायांचं बघू. पडतो माणूस तो पायांमुळे."

त्याने सांगितलं की बूट चिकटवलेले वेडर्स घेऊ नका, ते पायाला कधीच नीट बसत नाहीत. खाली मोजा असलेले घ्या आणि वरून वेगळे बूट, लेसचे, घोटा घट्ट धरणारे. बायकांच्या मापाच्या बुटांचा त्याच्याकडे एकच जोड होता, तोही मोठा. शेवटी त्याने मुलांच्या मापातले काढले. मी ते घट्ट आवळून बांधले तर त्याने लेस सोडायला लावली.

"बोटं हलतात का आत?"

"नाही."

"मग हे नकोत. बोटं आवळली की रक्त फिरत नाही, आणि रक्त फिरलं नाही की कितीही जाड मोजे घाला, पाय बर्फ होतात. बधिर पायाला तळ कळत नाही."

एक नंबर मोठे बूट घातले, आतल्या जाड मोज्यासकट. टाच हलत नव्हती, बोटं हलत होती. तळव्यांचे दोन प्रकार होते. एक जाड फेल्टचा, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा. शेवाळलेल्या दगडावर तो धरतो, पण चिखलात आणि ओल्या गवतावर घसरतो, आणि जुना झाला की सोल सुटायला लागतो. दुसरा रबराचा, त्यात लोखंडी खिळ्यांची डोकी. मी खिळ्यांचे घेतले, कारण काठावरून उतरतानाही मला भीती वाटायची.

वेडर्सबद्दल त्याने विचारलं, "हिवाळ्यातच जाणार? फार चालणार नाही? मग निओप्रीनचे घ्या." ते पाणबुड्यांच्या पोशाखासारखं जाड, स्पंजासारखं कापड. हलक्या कापडाचेही होते, आतला घाम बाहेर टाकणारे, पण त्यांच्यात ऊब नाही, आतून गरम कपडे घालावे लागतात. त्याने ते वेडर्स उलटे करून शिवणी दाखवल्या, दोन पाय मिळतात तिथली शिवण बोटांनी ताणून पाहिली, गुडघ्यांवरचा दुहेरी थर चिमटीत धरला. "गळतात ते इथून नाहीतर इथून." मग मला दुकानात गुडघ्यावर बसवलं, स्टुलावर चढवलं, एका पायावर उभं केलं. पाय उचलताना कापड ताणलं तर नदीत पाऊल पूर्ण उचललं जात नाही, आणि अर्धवट उचललेलं पाऊल अडखळतं.

शेवटी त्याने पट्टा आणला. माझ्या कंबरेला बांधला, मी श्वास सोडल्यावर आणखी एक घर आवळला.

"हा विसरलात तर बाकी सगळं घरी ठेवून या," तो म्हणाला. "आणि पडलात तर उभं राहायची धडपड करू नका. पाठीवर व्हा, पाय पुढे करा, पाणी काठाशी नेईपर्यंत तसंच राहा."

मी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. आधी दोन दिवस पाऊस झाला होता, नदी वीतभर वर आलेली, पाण्याला दुधाळ रंग. मी काठाशी, नडग्यांपर्यंतच्या पाण्यात उभी होते. एका हातात आधाराची काठी, दुसरा हात पट्ट्यावर, तो आहे ना हे चाचपत. पाय गरम होते. निदान त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागत नव्हतं, पण भीती कमी झाली होती असं नाही.

बाई दहा-बारा पावलं आत, कंबरभर पाण्यात. गळ फेकता फेकता त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबल्या. मग त्यांच्या पलीकडे पाण्यावर काहीतरी काळपट तरंगत गेलं. त्यांच्या बुटाचा फेल्टचा सोल होता तो, टाचेपासून टोकापर्यंत अख्खा सुटलेला.

"ठीक आहात ना?" मी ओरडले.

त्यांनी उत्तर दिलं नाही. गळाची काठी त्यांच्या हातातून सुटली आणि वाहत गेली, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. मग इतक्या बारीक आवाजात बोलल्या की मला आधी कळलंच नाही.

"मला हलता येत नाही."

काठावर दुसरं कुणी नव्हतं. शेताच्या पलीकडे रस्त्यावरून एक गाडी गेली, थांबली नाही. मी फोन काढला, रेंज नव्हती. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला संकोच होतो. मला पळून जावंसं वाटलं. रस्त्यापर्यंत पळत जाऊन कुणालातरी आणते, असं मी स्वतःला सांगायलाही लागले होते. पण बाईंचा एक पाय हळूहळू खाली सरकत होता, ते दिसत होतं.

मी पाण्यात उतरले. काठी पुढे टेकायची, मग एक पाय, तो बसला याची खात्री, मग दुसरा. खिळे गोट्यांवर करकरत होते, तो आवाज मला बुटांतून थेट दातांत जाणवत होता. गुडघ्यापर्यंत पाणी. मांडीपर्यंत. पाणी पोटाशी आलं तेव्हा ‘आई गं’ असं मी मोठ्याने म्हटलं. रडत होते बहुतेक. एका पावलाला तळ लागलाच नाही, मी काठीवर सगळा भार टाकून ते मागे घेतलं आणि बाजूला टाकलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा मी ओळखलाच नसता.

"माझा दंड धरा. हात नको, दंड."

त्यांनी धरला. इतका जोरात, की पुढे आठवडाभर वळ राहिला.

"आता आडवं चालायचं. मी प्रवाहाच्या बाजूला. मी पाऊल टाकलं की मग तुम्ही."

"माझा पाय घसरतोय."

"माझा नाही घसरत. माझ्यावर टेका."

हे मी म्हटलं, पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. विश्वास होता तो फक्त त्या लेसच्या गाठींवर आणि लोखंडी खिळ्यांवर. आम्ही एकेक पाऊल आलो. मध्ये त्या एकदा घसरल्या, माझ्या अंगावर कोसळल्या, मी वाकले, पाणी पट्ट्याच्या वर छातीशी आलं, थोडं आत गेलं आणि पट्ट्याशी थांबलं. पोटावर ती थंड रेघ मला स्पष्ट जाणवली. त्याखाली पाय कोरडे होते. आम्ही उभ्या राहिलो. आणखी सात-आठ पावलं, आणि गवत.

गाडीत हीटर लावून बसलो तेव्हा बाईंना थर्मासचं झाकण उघडता येईना. मी उघडलं, चहा ओतला. कप दोन्ही हातांत धरून त्या समोरच्या काचेकडे बघत राहिल्या.

"भूगोल शिकवताना मी मुलांना नद्या शिकवायचे," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पाण्याची भीती काय असते हे मला माहीत नव्हतं. तू सगळा वेळ ही भीती घेऊनच उभी होतीस?"

"हो."

"आणि तरी आलीस."

माझे दात अजून वाजत होते.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो आधी चिडला, मग बराच वेळ माझा दंड धरून तो वळ बघत राहिला. पुढच्या शनिवारी त्यानेच आम्हाला दुकानात सोडलं. बाईंनी खिळ्यांचे बूट घेतले. लेस बांधायचा त्यांना कंटाळा, वाकवत नाही म्हणून कुरकुरल्या, पण मालकाने सांगितलं तसं मुकाट्याने स्टुलावर चढून दाखवलं.

मार्चच्या सुरुवातीला, मासे धरायचा मोसम संपायच्या आत, आम्ही पुन्हा एकदा गेलो. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता, झाडाची एक फांदी वाहत आली आणि वळणावर नाहीशी झाली. आम्ही दोघी काठावर उभ्या, वेडर्स चढवलेले, पट्टे आवळलेले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही विचारत नव्हत्या, पण थांबल्या होत्या.

"आज नको," मी म्हटलं.

"आज नको," त्या म्हणाल्या, आणि वाकून बुटांच्या गाठी सोडायला लागल्या.