अंगठ्यासाठी मशीन

माझे बाबा जिवंत आहेत, हे गेल्या नोव्हेंबरात यंत्राला काही केल्या पटेना.

अंबरनाथच्या कारखान्यात ते सुतार होते. निवृत्त झाल्यापासून बदलापूरला माझ्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये पॉलिशआधीचं घासकाम त्यांचंच. पॉलिश पेपर बोटांना गुंडाळायचा आणि सकाळपासून घासत बसायचं. पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, आणि त्यासाठी यंत्रावर अंगठा. अंगठा उमटेना. दहाही बोटं झाली. मोबाईलवर चेहरा दाखवला, तर त्यानेही तीनदा नाही म्हटलं.

"चेहरा तरी माझाच आहे ना रे?" बाबांनी मला विचारलं.

दाखल्याच्या केंद्रातली मुलगी म्हणाली, "काका, बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. तीन आठवडे घासकाम बंद ठेवा, येतील परत."

तीन आठवडे! बाबांना कुणी तीन तास रिकामं बसवून दाखवावं. शेवटी घासायची मशीन आणायचं ठरवलं आणि त्यांना घेऊन उल्हासनगर गाठलं.

दुकानदाराने फळीवर तीन मशिनी चालवून दाखवल्या. पट्ट्याच्या मशीनने बघता बघता फळीची कडच खाल्ली. आमच्या विनियरच्या कागदासारख्या पातळ थरावर ती फिरली असती तर खालचा प्लाय वर आला असता. चौकोनी मशीन कोपऱ्यात नीट जायची, पण धरून धरून माझेच हात बधिर झाले. राहिली गोल, मुठीत मावणारी. मला ती पसंत पडली. बाबांनी डोळे मिटून फळीवर अंगठा फिरवला.

"गोल गोल ओरखडे राहिलेत."

मला दिसेनात. दुकानदारालाही दिसेनात. "काका, पॉलिश के बाद किसको दिखेगा?"

"अरे भाई, पॉलिश के बाद ही तो दिखता है."

त्यांचं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. कुठल्याच यंत्राला न सापडणारा तो अंगठा लाकडावरची केसभर रेघ शोधत होता. तरी मी गोल मशीनच घेतली.

मग मी घासायचो आणि बाबा दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आईने खोबरेल तेल चोळलेले हात मांडीवर. चहा आला की घ्यायचे, कपाटाच्या दारांकडे बघायचेही नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बसल्या बसल्या दुपारचे झोपायला लागले. माझ्या आठवणीत ते दुपारी कधी झोपले नव्हते. मी मशीन बंद करून त्यांच्याकडे बघत राहायचो. मला भीती वाटायची.

महिना संपता संपता अंगठा पहिल्या झटक्यात आला. मला हायसं वाटलं. बाबांनी दाखल्याची घडी करून खिशात घातली आणि सरळ वर्कशॉपमध्ये आले. आदल्या दिवशी पॉलिशचा पहिला हात मारलेलं कपाट उन्हात उभं होतं. दारभर गोल गोल ओरखडे. आता मलाही दिसत होते.

त्यांनी पॉलिश पेपर फाडला, बोटांना गुंडाळला.

"बाबा, अहो, पुढच्या वर्षी परत तेच होईल."

"मी जिवंत आहे असं लिहून दिलंय ना त्यांनी?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "मग आता काम करू दे."

मी मशीनचा प्लग काढला. पुढच्या नोव्हेंबरात काय करायचं, मला माहीत नाही.